गोळीवरचा आकडा आणि गोळीतलं खनिज

आजचा विषय तसा एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘एलिमेंटल’. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात औषधांचा एक डबा असतो. त्यात कुणाच्या तरी कॅल्शियमच्या गोळ्या असतात, कुणाच्या लोहाच्या, लहान मुलाला जुलाब झाले तेव्हा आणलेली झिंकची उरलेली पट्टी असते. यातली कॅल्शियमची पट्टी काढून मागची बारीक अक्षरं वाचली तर साधारण असा मजकूर दिसतो: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम.

आता यातला खरा आकडा कोणता, साडेबाराशे की पाचशे? उत्तर असं की दोन्ही खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या वस्तूंचे आकडे आहेत. आपल्याला कामाचा आहे तो दुसरा. हा फरक कळला नाही तर काय होतं, ते बघा. एखाद्या बाईंना रोज एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं असं सांगितलेलं असतं. त्या साडेबाराशे वाचतात आणि समजतात की एका गोळीत काम झालं, उलट थोडं जास्तच झालं. प्रत्यक्षात त्यांना निम्मंच मिळालेलं असतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्याची किंमत हाडं मोजतात. लोहाच्या बाबतीत गोंधळ झाला तर याहून मोठी किंमत पडू शकते. त्याकडे आपण शेवटी येऊ.

शेंगा आणि दाणे

शेतकरी घरातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, कारण तो रोज हाच हिशोब करतो. बाजारातून एक किलो भुईमुगाच्या शेंगा आणल्या म्हणजे एक किलो दाणे आणले असं कुणी म्हणत नाही. टरफल काढल्यावर दाणे किती निघाले, ते महत्त्वाचं. ऊस कारखान्यावर गेला की टनाला साखर किती निघते त्याला आपण उतारा म्हणतो. नेमकं तसंच, गोळीतल्या क्षारातून खनिज किती निघतं, त्या उताऱ्याला ‘एलिमेंटल’ म्हणतात.

खताचं उदाहरण तर अगदी जवळचं आहे. युरियाच्या पोत्यात ४५ किलो माल असतो, पण त्यात नत्र ४६ टक्के. म्हणजे पिकाला मिळणारं नत्र २० किलो ७०० ग्रॅम. कृषी विद्यापीठाची शिफारस ‘हेक्टरी इतके किलो नत्र’ अशी असते, ‘इतकी पोती युरिया’ अशी नसते. कारण नत्र युरियातून द्या नाहीतर दुसऱ्या खतातून द्या, पिकाला हवं ते नत्र. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ जी गरज सांगतात तीही याच पद्धतीची असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. हे निव्वळ कॅल्शियम. दुधाच्या, नाचणीच्या, तिळाच्या पोषणतक्त्यात जो कॅल्शियमचा आकडा दिसतो तोही निव्वळ कॅल्शियमचाच. त्यामुळे गोळीचाही निव्वळ आकडाच त्यांच्या रांगेत मांडायचा. नाहीतर शेंगा आणि दाणे एकाच मापात ओतल्यासारखं होईल.

खनिज एकटं का येत नाही?

कुणी विचारेल, मग गोळीत निव्वळ कॅल्शियमच का घालत नाहीत? कारण निव्वळ कॅल्शियम हा धातू आहे आणि तो पाण्याशी लगेच रासायनिक क्रिया करतो. तो गिळण्याची वस्तू नाही. निसर्गातही तो मोकळा सापडत नाही, कशाशी तरी जोडलेलाच असतो. म्हणून औषधात खनिज नेहमी जोडीदारासह येतं. कार्बोनेट, सायट्रेट, सल्फेट, ग्लुकोनेट, फ्युमरेट, ऑक्साइड ही सगळी त्या जोडीदारांची नावं. जोडीदार जड असला की खनिजाचा वाटा कमी, हलका असला की जास्त.

कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपली चुनखडीच. त्याचा हिशोब करायला कागदही लागत नाही. शाळेतले अणुभार आठवा: कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ आणि तो तीनदा, म्हणजे ४८. बेरीज करा: ४० अधिक १२ अधिक ४८ बरोबर १००. शंभरात चाळीस कॅल्शियम. साडेबाराशेचे चाळीस टक्के किती? पाचशे. पट्टीवरचे दोन आकडे असे एकमेकांशी जुळतात.

पाण्याचंही वजन धरलं जातं

आता हिराकस घेऊ. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, जुन्या काळी शाईत वापरत ते. त्याच्या हिरवट स्फटिकात लोहाच्या एका अणूमागे पाण्याचे सात रेणू अडकलेले असतात. लोह ५६, गंधक ३२, चार ऑक्सिजनचे ६४ आणि सात पाण्यांचे १२६. एकूण २७८. यात लोह ५६, म्हणजे २० टक्के. आणि पाणी किती? जवळजवळ ४५ टक्के! हाच क्षार तापवून बहुतेक पाणी काढून टाकलं की लोहाचा वाटा ३२-३३ टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे नाव दोन्हीकडे ‘फेरस सल्फेट’ असलं तरी वाळवलेल्या क्षाराच्या २०० मिलिग्रॅममध्ये सुमारे ६५ मिलिग्रॅम लोह असतं आणि स्फटिकाच्या २०० मिलिग्रॅममध्ये सुमारे ४०. लेबलवर ‘ड्राइड’ हा शब्द आहे की नाही, यावर एवढा फरक पडतो.

झिंक सल्फेटचंही असंच. शेतकऱ्यांना ठाऊक असेल, खताच्या दुकानात झिंक सल्फेट २१ टक्क्यांचं मिळतं आणि ३३ टक्क्यांचंही. फरक पाण्याचा. औषधाच्या गोळीतही तेच. लहान मुलाला २० मिलिग्रॅम जस्त द्यायचं असेल तर एक पाण्याचा रेणू असलेला क्षार सुमारे ५५ मिलिग्रॅम लागतो आणि सात रेणूंचा सुमारे ८८. आकडे वेगळे, जस्त तेवढंच.

हाताशी ठेवायची टक्केवारी

नेहमी भेटणाऱ्या क्षारांत खनिजाचा वाटा साधारण असा असतो. हे लिहून घेतलंत तर उपयोगी पडेल.

कॅल्शियम: कार्बोनेट ४० टक्के, सायट्रेट २१, लॅक्टेट १३, ग्लुकोनेट ९.
लोह: फ्युमरेट ३३, वाळवलेलं सल्फेट ३२, स्फटिक सल्फेट २०, ग्लुकोनेट १२.
मॅग्नेशियम: ऑक्साइड ६०, सायट्रेट १६, ग्लायसिनेट १४.
जस्त: सल्फेट एका पाण्याचं ३६, सात पाण्यांचं २३, ग्लुकोनेट १४.

आता लोहाच्या दोन गोळ्या शेजारी ठेवा. एकीवर फेरस फ्युमरेट ३०० मिलिग्रॅम, दुसरीवर फेरस ग्लुकोनेट ३०० मिलिग्रॅम. दुकानात एक नसली तर ‘तीनशेचीच आहे, ही घ्या’ म्हणून दुसरी हातात पडू शकते. पहिलीत सुमारे ९९ मिलिग्रॅम लोह आहे, दुसरीत ३६. जवळजवळ तिप्पट फरक. रक्त कमी असलेली एखादी मुलगी इमानेइतबारे तीन महिने गोळी घेते, पुन्हा तपासणी होते, हिमोग्लोबिन म्हणावं तसं चढलेलं नसतं. घरचे म्हणतात, तिला औषध लागूच पडत नाही. याची बाकीही कारणं असू शकतात, ती डॉक्टर शोधतील. पण निव्वळ लोह किती जात होतं, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

लेबल वाचायचं कसं

लेबलं तीन प्रकारची भेटतात.

पहिला प्रकार, दोन्ही आकडे देणारा. ‘अमुक क्षार इतका, इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल अमुक इतकं.’ इथे काही करायचं नाही, ‘एलिमेंटल’ पुढचा आकडा उचलायचा. आपल्याकडच्या औषधाच्या पट्ट्यांवर बहुधा हीच पद्धत दिसते. फेरस ॲस्कॉर्बेटच्या गोळ्यांवर तर बऱ्याचदा क्षाराचं वजनच देत नाहीत, थेट ‘एलिमेंटल लोह १०० मिलिग्रॅम इतकं’ असं लिहितात.

दुसरा प्रकार, परदेशातून येणाऱ्या बाटल्यांचा. मुलगा किंवा सून अमेरिकेहून येताना हमखास आणतात. मागच्या चौकटीत लिहिलेलं असतं: मॅग्नेशियम, ‘ॲज मॅग्नेशियम ऑक्साइड’, २५० मिलिग्रॅम. हे २५० ऑक्साइडचे समजू नका. तिथल्या नियमानुसार त्या चौकटीत खनिजाचं वजन द्यावं लागतं, त्याच्या क्षाराचं नाही. म्हणजे हे २५० निव्वळ मॅग्नेशियम, आणि त्यासाठी ऑक्साइड सुमारे ४१५ मिलिग्रॅम घातलेलं आहे. इथे पुन्हा ६० टक्के काढत बसलात तर उलट्या बाजूने चूक होईल.

तिसरा प्रकार, फसवा. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’ किंवा ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ एवढंच. हे क्षाराचं वजन. टक्केवारी लावा: पहिल्यात मॅग्नेशियम सुमारे १४० मिलिग्रॅम, दुसऱ्यात कॅल्शियम २१०. मागे ‘एलिमेंटल’ आकडा आहे का ते शोधा. नसेल तर दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. तरीही उत्तर मिळालं नाही तर ती बाटली ठेवून दुसरी घ्या.

आणखी एक गोष्ट बघायची ती ‘सर्व्हिंग’. कित्येक बाटल्यांवरचा आकडा दोन किंवा तीन गोळ्यांचा मिळून असतो. आपण रोज एक घेतो आणि आकडा तिघींचा वाचतो.

एक साधी पडताळणीही सांगतो. गोळीच्या आकारापुढे कुणाचं काही चालत नाही. ३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम शुद्ध ग्लायसिनेटमधून द्यायचं तर दोन ग्रॅमपेक्षा जास्त क्षार लागेल. तो एका लहानशा कॅप्सूलमध्ये मावणारच नाही. कुणी तसा दावा केला, तर एक तर त्यात ऑक्साइडची भर घातलेली आहे, नाही तर तो आकडा क्षाराचा आहे.

जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं?

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल की मग सगळ्यात जास्त टक्केवारीची गोळी घ्यावी, विषय संपला. तसं नाही. एलिमेंटल आकडा सांगतो की तोंडात किती गेलं. आतड्यातून रक्तात किती गेलं हे तो सांगत नाही. तो हिशोब पुढचा.

मॅग्नेशियम ऑक्साइडचे ६० टक्के दिसायला भारी, पण ते पाण्यात फार कमी विरघळतं. त्यातलं बरंचसं शोषलं न जाता पुढे जातं आणि पोट साफ करतं. सायट्रेटमध्ये वाटा कमी, पण शोषण त्यापेक्षा चांगलं. कॅल्शियम कार्बोनेटला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची. ज्यांची ॲसिडिटीची गोळी कायम चालू आहे त्यांच्यासाठी डॉक्टर कधी सायट्रेट सुचवतात, कारण त्याला आम्लाची तेवढी गरज नसते. शिवाय एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅल्शियम चांगलं शोषलं जातं. हजार घ्यायचं असेल तर सकाळ-संध्याकाळ विभागून.

लोहाला लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व मदत करतं. चहा-कॉफी अडवतात. कॅल्शियमही अडवतं. म्हणून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये काही तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर लोह आणि कॅल्शियम या दोन्हींपासून ती चार तास लांब ठेवायची.

आणि सगळा आकडा गोळीतूनच भरायचा नसतो. दोन पेले दूध म्हणजे साधारण ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम. शंभर ग्रॅम नाचणीचं पीठ म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. हे रोज पोटात जात असेल तर हजारात कमी किती पडतं ते बघा, आणि डॉक्टरांना विचारताना हा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर कोणतंही खनिज स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही.

सरकारी गोळीचं काय?

आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणारी गोळी फुकट, म्हणून कमी ताकदीची, असा एक समज आपल्याकडे आहे. आकडे बघू. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला रोज मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम एलिमेंटल लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ही गोळी किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीतही लोह ६० मिलिग्रॅम. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांच्या गुलाबी गोळीत ४५. हे सगळे आकडे निव्वळ लोहाचे आहेत. वर हिशोब केला त्या ‘तीनशेच्या’ ग्लुकोनेटच्या गोळीशी तुलना करा, म्हणजे फुकटची गोळी कुठे उभी आहे ते कळेल. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. मळमळ किंवा बद्धकोष्ठ फारच झालं तर सांगा, डॉक्टर वेळ किंवा क्षार बदलून देतात.

लहान मुलं आणि लोहाची पट्टी

सुरुवातीला म्हटलं होतं की लोहाच्या बाबतीत गोंधळाची मोठी किंमत पडू शकते. ती ही. लोहाच्या गोळ्या पुष्कळदा लाल, चकचकीत, साखरेच्या वेष्टनाच्या असतात. लहान मुलाला ती सरळ गोळी-चॉकलेट वाटते. आणि घरात बाळंतीण असते तेव्हा या पट्ट्याही असतात आणि मोठं भावंडही नेमकं दीड-दोन वर्षांचं असतं.

विषबाधेचा अंदाज डॉक्टर मुलाच्या वजनावर आणि निव्वळ लोहावर काढतात. किलोला २० मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्रास अपेक्षित असतो. ६० च्या वर गेलं तर जिवाला धोका. दहा किलोच्या मुलाला ६० म्हणजे ६०० मिलिग्रॅम. शंभर मिलिग्रॅम एलिमेंटल लोहाच्या फक्त सहा गोळ्या! म्हणून असं झालं तर मूल खेळतंय, बरं दिसतंय म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर काही तास मूल बरं वाटतं आणि मग एकदम खालावतं, असं लोहाच्या बाबतीत होतं. घरी उलटी काढायचा खटाटोप नको. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्या, आणि जाताना ती पट्टी बरोबर घ्या. किती गोळ्या गेल्या आणि प्रत्येकीत एलिमेंटल लोह किती, हे दोन आकडे डॉक्टरांचा बहुमोल वेळ वाचवतात. त्याआधीचं काम म्हणजे ती पट्टी उंचावर, कडी लावून ठेवणं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: शिंपल्यापासून केलेलं ‘नैसर्गिक’ कॅल्शियम जास्त चांगलं असतं का?

उत्तर: शिंपला, अंड्याचं कवच, चुनखडी, ही सगळी मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. उतारा तोच, चाळीस टक्के. शोषणाचे नियमही तेच. त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

प्रश्न: आमच्याकडे गरोदरपणात चुना खायला सांगतात. त्यात कॅल्शियम असतंच ना?

उत्तर: असतं, आणि टक्केवारीने कार्बोनेटपेक्षाही जास्त. विरवलेल्या चुन्यात सुमारे ५४ टक्के कॅल्शियम. पण चुना दाहक आहे, तोंड आणि अन्ननलिका पोळू शकते. आणि बोटावर किती आला याला माप नाही. नुसती टक्केवारी बघून औषध ठरत नाही, त्याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. आरोग्य केंद्रात गरोदर बायकांना चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅम एलिमेंटल कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा देतात. ती घ्या, चुना नको.

प्रश्न: लोखंडी कढईत भाजी केली तर गोळी बंद करता येईल का?

उत्तर: कढई जरूर वापरा. भाजी आंबट असेल तर लोह जास्त उतरतं. पण किती उतरलं हे रोज वेगळं, ते मोजलेलं नसतं. रक्त कमी असताना मोजलेला डोस लागतो. कढई गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नाही.

प्रश्न: मिठाच्या बाबतीतही असाच हिशोब असतो का?

उत्तर: अगदी हाच. मिठात सोडियम सुमारे ४० टक्के. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजेच दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते. फरसाणाच्या पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नाही. त्या आकड्याला अडीचने गुणा, मीठ कळेल. रक्तदाब असलेल्यांनी आज घरी गेल्यावर एका पाकिटावर करून बघा.

आज एवढंच. घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडा, प्रत्येक पट्टीवरचा ‘एलिमेंटल’ शब्द शोधा आणि त्यापुढच्या आकड्याखाली पेनाने रेघ मारा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तीच पट्टी न्या.